अंडी, माती आणि आडोसा

कोंबड्या पाळणाऱ्या घरात एक गोष्ट कुणाला वेगळी शिकवावी लागत नाही : अंडे घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. बाजारातली बहुतेक अंडी कोंबड्याचे तोंडही न पाहिलेल्या कोंबड्यांची असतात. हीच साधी गोष्ट एका सरड्याच्या बाबतीत ठाऊक नसल्यामुळे अमेरिकेत आणि युरोपात हौसेने पाळलेल्या कितीतरी माद्या ऐन तारुण्यात दगावतात. त्यांच्या पोटात अंडी तयार होतात, ती घालायला जागा मिळत नाही, आणि ‘एकटीच तर आहे, हिला अंडी कुठून होणार’ अशा समजुतीत मालक तिला आणखी खाऊ घालत राहतात.

हा सरडा म्हणजे शॅमेलिऑन. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, शेपटीची गुंडाळी करून फांदीला लटकणारा. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या म्हणीतला सरडा वेगळा. तो आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा, चपळ, बागेतला सरडा. शॅमेलिऑन धावत नाही. तो वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखा पुढेमागे झुलत एकेक पाऊल टाकतो. भारताच्या मुख्य भूमीवर त्याची एकच जात आहे. तिला मराठीत घोयरा सरडा म्हणतात. घोयऱ्याकडे मी शेवटी येणार आहे. पण त्याच्या बाळंतपणाबद्दल मला जे कळले, ते त्याच्या परदेशी चुलतभावंडांमुळे. पाळीव प्राण्याची अंडी घालण्याची प्रत्येक हालचाल कुणीतरी टिपून ठेवलेली असते. रानातली मादी ते काम कुणाला दिसू देत नाही.

मी प्राणिशास्त्राची पदवीधर नाही. नोकरी सांभाळून गेली पंचवीस वर्षे सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी मिळेल ते वाचत आले, जमेल तेवढे रानात फिरून पाहत आले. दोन वर्षांपूर्वी भावाच्या मुलीकडे, टेक्सासमधल्या डलासला, तीन महिने राहण्याचा योग आला. तिच्याकडे एक शॅमेलिऑन मादी होती. नाव मिरची. पुस्तकात वाचलेले सगळे तिच्यामुळे पडताळून पाहता आले. या लेखात तिचा उल्लेख येईल, पण लेख तिच्यासारख्या सगळ्या माद्यांचा आहे.

स्वस्त का झाली?

मिरचीच्या जातीचे इंग्रजी नाव वेल्ड शॅमेलिऑन. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच उभा तुरा असतो. लॅटिन नावातल्या ‘कॅलिप्ट्रेटस’ या शब्दाचा अर्थही ‘आच्छादलेला’ असाच. फ्रान्समधल्या द्युमेरिल पिता-पुत्रांनी १८५१ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. तिचे मूळ घर म्हणजे अरबी द्वीपकल्पाचा नैर्ऋत्य कोपरा, येमेन आणि त्याला लागून असलेला सौदी अरेबियाचा डोंगराळ भाग. तिथे कोरड्या पठारांपासून पाऊस झेलणाऱ्या हिरव्या उतारांपर्यंत ती आढळते. नर शेपटीसकट ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, मादी त्याहून बरीच लहान.

काटक असल्याने ती पिंजऱ्यात तगते, आणि पिंजऱ्यात सहज वाढते. चार ते सहा महिन्यांची झाली की वयात येते. एका वेळेस वीसपासून सत्तरपर्यंत अंडी घालते. त्यामुळे रानातून पकडून न आणताही दुकानांना भरपूर पिल्ले मिळू लागली आणि ती इतर शॅमेलिऑनपेक्षा स्वस्त झाली. सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या प्राण्यांतून तिने परक्या मुलखात बस्तानही बसवले. फ्लॉरिडातल्या फोर्ट मायर्स भागात २००२ मध्ये तिची नोंद झाली. ज्या गुणामुळे ती स्वस्त झाली, तोच गुण एकट्या मादीच्या जिवावर उठतो.

माझ्या भाचीने मादी घेतली ती ‘आकाराने लहान, म्हणून सांभाळायला सोपी’ हे ऐकून. अंड्यांचा विषय दुकानात निघाला नव्हता. पहिल्यांदा तिच्या पोटाला फुगवटा दिसला तेव्हा तिने मला फोनवर विचारलेला प्रश्न अजून आठवतो : “आत्या, ही तर कायम एकटीच असते. मग हे काय?”

पोटात काय घडते?

मादीच्या अंडाशयात लहान लहान पुटिका असतात. दिवस उबदार असले, खायला मुबलक असले, की शरीर ‘हंगाम चांगला आहे’ असा अर्थ लावते. यकृत बलकाचा कच्चा माल तयार करू लागते. तो रक्तातून अंडाशयाकडे जातो आणि पुटिका फुगू लागतात. पूर्ण वाढल्या की त्या अंडाशयातून सुटून अंडनलिकेत उतरतात आणि तिथे त्यांच्यावर कवच चढते. हे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते. ते चामड्यासारखे मऊ, पांढरे असते. या संपूर्ण प्रवासात नराची भूमिका एकाच टप्प्यावर असते, ती म्हणजे फलनाची. फलन झाले नाही तरी पुढची गाडी थांबत नाही. अंडी तयार होतात आणि ती बाहेर पडावीच लागतात.

उलट बाजूचीही एक गंमत आहे. नराशी एकदा मिलन झाले, तर मादी त्याचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि पुढच्या खेपेची अंडीही त्यातून फळू शकतात. म्हणजे एकट्या मादीने घातलेली अंडी रिकामीच असतील, असे गृहीत धरता येत नाही. दुकानातल्या पिंजऱ्यात ती वयात आलेल्या भावंडांबरोबर राहिलेली असू शकते.

गर्भार मादी रंगानेही बोलते. मिलनानंतर तिचे अंग गडद, कधी जवळजवळ काळे होते आणि त्यावर निळसर आणि पिवळे ठिपके उमटतात. नर समोर आला की ती तोंड वासून फिसकारते, अंग डोलवते. ‘मला आता तुझी गरज नाही’ हा त्याचा अर्थ. शॅमेलिऑन आजूबाजूला पाहून तसा रंग घेतो ही समजूत आपल्या ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ या वाक्प्रचारातही मुरलेली आहे. प्रत्यक्षात त्याचा रंग हा बराचसा त्याच्या मनःस्थितीचा, तब्येतीचा आणि ऊन-थंडीचा निरोप असतो. पण नर कधीच न पाहिलेल्या माद्यांमध्ये हा निरोप दरवेळी स्पष्ट उमटत नाही. त्यामुळे रंगावर विसंबून राहू नये. पोटाकडे पाहावे. बाजूंनी फुगवटा येतो, आणि दिवस भरत आले की कातडीखाली पावट्याच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे उंचवटे दिसू लागतात. मिलन झालेले असेल, तर त्या दिवसापासून साधारण तीन ते चार आठवड्यांत मादी अंडी घालते.

डोहाळे पुरवू नयेत

गर्भारपणाबद्दलची आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. दोन जिवांची आहे, खाऊ दे. डोहाळजेवणाला पानात काय वाढू नि काय नको असे होते. माणसाच्या लेकीबाळींना ते शोभते. या सरड्याच्या बाबतीत मात्र तीच माया अंगाशी येते.

अंड्यांची संख्या मुख्यतः पुटिका वाढत असतानाच्या खुराकावर आणि उबेवर ठरते. मालकाने रोज हवे तितके किडे दिले, वर दिव्याची ऊब वाढवली, की शरीर सुकाळ समजून साठ-सत्तर अंड्यांची तयारी करते. इतकी अंडी पोटात वागवणे, त्यांना बलक आणि कॅल्शियम पुरवणे आणि ती बाहेर ढकलणे या तिन्ही कामांत तिचे शरीर पिळून निघते. आणि सुकाळ चालूच राहिला, तर तीन-चार महिन्यांत पुढची खेप तयार. म्हणून अनुभवी पाळणारे वयात येणाऱ्या मादीचा आहार हळूहळू उतरवतात. वाढ पूर्ण झाली की एक दिवसाआड तीन-चार किडे देतात आणि ऊन खाण्याच्या फांदीवरचे तापमान २७ ते २९ अंशांच्या आसपास राखतात. अशा माद्या कमी अंडी घालतात, कमी वेळा घालतात आणि जास्त जगतात. काहींच्या बाबतीत अंडी घालणे जवळजवळ थांबतेच.

आहार उतरवण्याची ही वेळ पोट फुगण्याच्या आधीची, हे नीट लक्षात घ्यायला हवे. अंड्यांवर एकदा कवच चढले की उपाशी ठेवून ती कमी होत नाहीत. उलट तेव्हा तिला शक्ती हवी असते. दिवस भरले की ती स्वतःच खाणे टाकते, तेव्हा बळजबरीने भरवूही नये.

एक गोष्ट मात्र कधीच कमी पडू देऊ नये, ती म्हणजे कॅल्शियम. अंडी ढकलणारे स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागते. रक्तातले कॅल्शियम घसरले की स्नायू ढिले पडतात आणि पूर्ण तयार अंडी जागीच अडकून राहतात. रातकिडे, अळ्या, झुरळे या तिच्या रोजच्या खाण्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असते. म्हणून किड्यांना आधी पालेभाज्या खाऊ घालतात आणि देताना त्यांच्यावर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची पूड भुरभुरतात. आपण भजी पिठात घोळवतो तितकी नव्हे, चिमूटभर.

पण खाल्लेले कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत तयार व्हायला अतिनील किरण लागतात. काचेतून येणाऱ्या उन्हात ते जवळजवळ नसतात, म्हणून पिंजऱ्यावर खास अतिनील ट्यूब लावतात. या बाबतीत शॅमेलिऑन स्वतः किती जाणते असते, हे डलासशेजारच्या फोर्ट वर्थमधल्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातील गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरचा त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व कमी होते ते प्राणी जास्त वेळ अतिनील प्रकाशात बसले, ज्यांना भरपूर मिळत होते ते कमी वेळ बसले. म्हणजे आपले काम उजेड आणि सावली दोन्ही उपलब्ध करून देण्याचे. कुठे किती बसायचे, हे तिचे तिला कळते.

पाण्याचेही असेच. शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा ओळखत नाही. रानात ती पानावरचे दव आणि पावसाचे थेंब पिते. म्हणून पिंजऱ्यात मनीप्लांट, जास्वंद अशी झाडे ठेवून सकाळ-संध्याकाळ फवारा मारतात, किंवा शेतात असते तसे छोटेसे ठिबक लावतात. गर्भार मादीला पाणी कमी पडले तर अंडी अडण्याची भीती वाढते.

माती

जन्मभर झाडावर राहणारा हा प्राणी एकाच कामासाठी हमखास जमिनीवर उतरतो. अंडी घालायला. पिंजऱ्याला जमीन नसते, तिथे जाळी असते किंवा प्लास्टिकचा तळ. ती तळाशी उतरते, कोपरे खरवडते, पुन्हा वर चढते, पुन्हा उतरते. तिची ही येरझार पाहून मालकाला वाटते, कंटाळली आहे, बाहेर फिरायचे आहे. खरे तर ती जागा शोधत असते.

यावर उपाय सोपा आहे आणि फार स्वस्त. एक अपारदर्शक प्लास्टिकचा टब, लांबी-रुंदीला ती आत सहज वळू शकेल इतका, आणि त्यात २५ ते ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत ओली रेती, किंवा रेती आणि खत-औषध न घातलेली माती यांचे मिश्रण. टबाच्या तळाला पाणी निथळायला भोके. मातीचा ओलावा कसा ओळखायचा? मूठभर घेऊन दाबावी. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. मग बोटाने भोक पाडून पाहावे. ते ढासळले नाही, तर तिचे बीळही ढासळणार नाही. कोरड्या रेतीत बीळ कोसळते आणि ती ते सोडून देते. चिखलात अंडी गुदमरतात.

हा टब पोट फुगल्यावर आणू, असे म्हणून चालत नाही. मादी चार-पाच महिन्यांची झाली की तो पिंजऱ्यात कायमचा असावा. त्यात उतरायला एखादी फांदी तिरकी लावावी. जागा ओळखीची असली की वेळ आल्यावर शोधाशोध होत नाही.

आडोसा

टब असूनही काही माद्या अडतात. इथे काळजीतला सगळ्यात अवघड भाग येतो, कारण तो आपल्याला काही न करायला सांगतो. खणणारी मादी शिकाऱ्यासमोर उघडी पडलेली असते. डोके मातीत, शेपूट बाहेर, पळायला वाट नाही. अशा वेळी कुणी आपल्याकडे पाहते आहे असे तिला दिसले, तर ती खणणे सोडून वर निघून जाते. काही जणी पुन्हा येतात. काही जणी अंडी रोखून धरतात. त्या रोखण्यातून दुखणे सुरू होते.

मिरची डलासमध्ये खणायला उतरली तेव्हा मी घरात होते. दोन आठवड्यांपूर्वी प्राण्यांच्या डॉक्टरांनी क्ष-किरण छायाचित्र काढून पोटात कवच चढलेली अंडी असल्याचे सांगितले होते. चार दिवस तिने काही खाल्ले नव्हते. भाची सकाळी कामाला जाताना पिंजऱ्याच्या तीन बाजूंनी जुनी चादर लावून गेली आणि मला म्हणाली, “आत्या, कितीही वाटलं तरी डोकावू नकोस हं.” पंचवीस वर्षे जे पाहायची इच्छा होती, ते चार हातांवर घडत होते आणि मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले. चादरीच्या फटीतून तिला मी दिसणार नाही, पण आरशात तिच्या टबाचा कोपरा मला दिसेल, अशी एक जागा मी शोधली होती. तेवढेच.

पहिले भोक तिने बोटभर खणून सोडले. दुसरे टबाच्या भिंतीला लागून होते, तेही सोडले. दुपारी तिसरे सुरू झाले. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्यांनी ढकलायची, मध्येच थांबून श्वास घ्यायचा. संध्याकाळी तिच्या शेपटीचा शेंडा तेवढा बाहेर होता. रात्री दिवे ठरल्या वेळी बंद झाले, तरी ती बिळातच होती. भाचीला रात्रभर झोप नव्हती. “तिला बाहेर काढू का?” असे तिने दोनदा विचारले. काढू नये. खणून, अंडी घालून, बीळ बुजवून होईपर्यंत एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. आत असलेली मादी कामात असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टबाच्या वर होती आणि मागच्या पायांनी माती लोटून दाबत होती. खड्डा बुजवून जमीन सारखी करेपर्यंत तिने विसावा घेतला नाही. अंडी घालून झाली तरी बुजवणे पुरे होऊ द्यायचे असते. मध्येच उचलले, तर ती अस्वस्थ होऊन पुन्हा खणायला उतरते. मग ती हळूहळू फांदीवर चढली. कातडीच्या घड्या लोंबत होत्या, डोळ्यांवर माती होती. भाचीने कोमट पाण्याचा बारीक फवारा दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवला. ती थेंब चाटत राहिली. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम लावलेल्या अळ्या तिने एकामागून एक टिपल्या. हा काळ मात्र हात सैल सोडण्याचा. चार-सहा दिवस पोटभर द्यावे, मग पुन्हा जुन्या मापावर यावे. टबातून आम्ही ३४ अंडी काढली.

अडलेली

गाय-म्हैस अडली की गावात धावपळ होते. सरड्याची मादी अडली तर तिला आवाजच नसतो. म्हणून निरोगी खणणारी आणि अडलेली यांतला फरक माहीत असावा. दिवस भरलेली निरोगी मादी खात नाही, पण चालती-फिरती असते. डोळे उघडे आणि टपोरे असतात, पकड घट्ट असते. अडलेली मादी भर दिवसा डोळे मिटून बसते. पकड सुटून पिंजऱ्याच्या तळाशी पडून राहते. डोळे खोल जातात. कधी कळा दिल्यासारखे अंग आवळते, पण काही बाहेर येत नाही, किंवा दोन-चार अंडी इकडेतिकडे टाकून थांबते. असे दिसले तर उद्यापर्यंत थांबू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांचे काम करणाऱ्या डॉक्टरकडे त्याच दिवशी न्यावे.

डॉक्टर आधी कोणता अडथळा आहे ते पाहतात, कारण अडणे दोन प्रकारचे असते. एकात पुटिका अंडाशयातच फुगून राहतात, सुटतच नाहीत. तिथे मातीचा टब कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. दुसऱ्यात कवच चढलेली अंडी अंडनलिकेत अडतात. दुसऱ्या प्रकारात पाणी, ऊब, कॅल्शियम आणि नंतर गरज पडली तर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. सरड्यांमध्ये हे औषध कासवांइतके हमखास लागू पडत नाही. आणि अंडे वेडेवाकडे अडकलेले असताना ते दिले, तर नलिका फाटू शकते. म्हणून घरगुती प्रयोगाला इथे जागा नाही. पोट चोळून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. शेवटचा मार्ग शस्त्रक्रियेचा. ती होते आणि मादी वाचतेही, पण इतक्या लहान, आधीच थकलेल्या शरीरावर ती जोखमीची असते. हाताशी असलेली मूठभर ओली रेती आणि एक चादर यांनी बऱ्याचदा हे सगळे टळते.

अंड्यातली झोप

मिरचीची अंडी फळलेली नव्हती. पिवळट पडून ती काही दिवसांत आक्रसली. फळलेल्या अंड्यांची गोष्ट वेगळी असती. ती ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, घातली तशाच बाजूने, न उलटता ठेवतात. २६ ते २८ अंश तापमानाला पिल्लू बाहेर यायला सहा ते नऊ महिने लागतात. एवढा वेळ का, हे व्हर्जिनियातील रॉबिन अँड्र्यूज आणि सुझन डोनोह्यू यांच्या २००४ च्या अभ्यासातून कळते. अंडे घातले जाते तेव्हा आतला गर्भ अगदी प्राथमिक अवस्थेत असतो, आणि पुढचे दोन-अडीच महिने तो वाढ थांबवून झोपून राहतो. मग वाढ सुरू होते. कोंबडीचे २१ दिवस मनात धरून बसलेला माणूस इथे धीर सोडून चांगली अंडी फेकून देतो.

मादागास्करमधल्या लॅबोर्ड्स शॅमेलिऑनने तर या झोपेवर आयुष्यच बेतले आहे. ख्रिस्टोफर कार्स्टन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की ही जात आठ-नऊ महिने अंड्यात काढते आणि अंड्याबाहेर जेमतेम चार-पाच महिने जगते. अंडी घातली की सगळी पिढी संपते. वर्षातला बहुतेक काळ ही अख्खी जात जमिनीखाली, अंड्यांच्या रूपात असते. शॅमेलिऑनच्या जगण्यात मातीचा वाटा केवढा आहे, हे याहून स्पष्ट सांगणारे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आपला घोयरा

हे वाचून कुणाला शॅमेलिऑन घरी आणावासा वाटला, तर दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. आपल्या घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. मिरचीची जातही आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारतातल्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. शिवाय अडलेल्या मादीवर उपचार करणारा डॉक्टर आपल्या तालुक्याच्या गावी मिळणे कठीण. मादी घेण्याआधी तो डॉक्टर शोधावा, हा नियम डलासमध्येही लागू आहे आणि पुण्यातही.

पण या ज्ञानाचा आपल्याकडे खरा उपयोग पिंजऱ्यात नाही, बांधावर आहे. घोयऱ्याची मादीही जन्मभर बोरी-बाभळींवर राहते आणि पाऊस सरल्यावर अंडी घालायला खाली उतरते. तिलाही तेच हवे असते : बीळ टिकेल इतकी ओल असलेली माती आणि कुणी पाहत नसलेला तास-दोन तासांचा नव्हे, दिवस-दोन दिवसांचा काळ. नेमक्या त्याच दिवसांत ती माणसाला दिसते. पोट फुगलेले, चाल संथ, रस्त्याच्या मधोमध झुलत उभी. तिला विषारी समजून दगड मारणारे आहेत, तिच्या अंगात भलतीसलती शक्ती आहे असे मानून पकडणारे आहेत, आणि दयेने उचलून दूरच्या झाडावर नेऊन ठेवणारेही आहेत. घोयरा विषारी नाही. आणि खाली उतरलेल्या मादीला पुन्हा झाडावर चढवणे म्हणजे तिला बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर काढणे. तिने ती जागा बहुधा शोधून काढलेली असते.

तेव्हा यंदा पाऊस उघडल्यावर ती रस्त्यात दिसली, तर गाडी थांबवावी, मागच्यांना हात दाखवावा आणि तिला तिच्या गतीने पलीकडे जाऊ द्यावे. वर्दळ फारच असेल, तर ती ज्या दिशेने निघाली होती त्याच बाजूला, रस्त्याच्या कडेला, काठीवर चढवून सोडावी. बांधावर खणताना दिसली तर वाट बदलावी. मुलांना दाखवायचा मोह होईल. तो दुरून, एकदाच, आणि मग पाठ फिरवून घरी. दोन दिवसांनी त्या जागी खणल्याची खूण उरलेली नसते. माती नीट दाबलेली असते. तिथे पुढचे काही महिने नांगर, फावडे किंवा जेसीबी पडू नये, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.